समुद्रावर हरपलेलीं विमानें

युद्धाच्या इतिहासांत लढाऊ विमानांचे पराक्रम विस्तारानें वर्णिलेले असतात. मालवाहू विमानांची कथा मात्र बहुधा हिशेबाच्या वहींतच पडून राहते. आणि उभय पक्षांच्या वह्या शेजारीं ठेवल्या म्हणजे त्या एकमेकींशीं जुळत नाहींत. भूमध्य समुद्रावरील एक प्रसंग उदाहरणादाखल घेऊं.

१९४३ च्या वसंतांत ट्यूनिशियांतील जर्मन व इटालियन सैन्य कोंडीत सांपडलें होतें. रसदेचीं जहाजें बुडविलीं जात होतीं. तेव्हां पेट्रोल, दारूगोळा व शिपाई सिसिलीहून विमानांनीं आणणें भाग पडलें. हें काम मुख्यतः ‘युंकर्स ५२’ या विमानांचें. तीन एंजिनें आणि पन्हळी पत्र्याचें अंग असलेलें हें विमान ओझें इमानानें वाही. परंतु त्याची गति मंद, त्यामुळें शत्रूशीं गांठ पडल्यास पळून जाणें अशक्य. ही वाहतूक तोडण्यासाठीं दोस्तांनीं ५ एप्रिलपासून ‘फ्लॅक्स’ ही मोहीम आरंभिली.

१८ एप्रिल हा ख्रिस्ती लोकांचा झावळ्यांचा रविवार. त्या दिवशीं सुमारें ६५ युंकर्स विमानें सिसिलीकडे परतत असतां अमेरिकन व ब्रिटिश लढाऊ विमानांनीं त्यांना बॉन भूशिराजवळ गांठलें. संरक्षक विमानें धरून शत्रूचीं सत्तराहून अधिक विमानें पाडल्याचा दावा विजेत्यांनीं केला. जर्मन नोंदींप्रमाणें मात्र २४ युंकर्स नष्ट झालीं व ३५ मोडक्या स्थितींत बचावलीं.

मग खोटें कोण बोललें? बहुधा कोणीच नाहीं. एकाच विमानावर तिघे वैमानिक गोळ्या झाडतात आणि तिघेहि तें आपलेंच समजतात. धुराचा लोट सोडीत किनाऱ्यावर आदळलेलें विमान वरून पाहणाऱ्यास नष्ट झालेलें दिसतें. जर्मन पुरवठा-खातें नुकसान शेकड्यांत मांडी. साठ टक्के वा अधिक मोडतोड झाली तरच विमान सामान्यतः बाद गणलें जाई. म्हणून संशोधक वैमानिकांचे अहवाल, नुकसानीच्या याद्या, कारखान्याचे क्रमांक आणि दफनांच्या नोंदी पडताळून पाहतो. जर्मन हवाई दलाचे पुष्कळसे कागद १९४५ मध्यें जाळले गेल्यानें हें काम अधिकच बिकट झालें आहे. चारच दिवसांनीं, २२ एप्रिलला, पेट्रोलनें भरलेल्या सहा एंजिनी ‘मेसरश्मिट ३२३’ विमानांच्या ताफ्याचा संहार झाला. त्याची संख्या निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळी आढळते. कधीं समुद्रच साक्ष देतो. त्याच जातीच्या, जुलै १९४३ मध्यें पडलेल्या एका विमानाचा सांगाडा २०१२ सालीं सार्डिनियाजवळ पाण्याखालीं सांपडला.

१३ मे १९४३ रोजीं ट्यूनिशियांतील युद्ध संपलें. आंकड्यांतील हा फरक त्या निकालाला बाध आणीत नाहीं. मग हा खटाटोप कशासाठीं? ‘बेपत्ता’ एवढ्या एका शब्दावर ज्या घरांनीं वर्षें काढलीं, त्यांच्यासाठीं. आपला माणूस कोणत्या विमानांत होता आणि तें कोठें पडलें, याचें उत्तर त्यांना विजयाच्या दाव्यांतून मिळत नाहीं. तें एकेका विमानाचा माग काढूनच द्यावें लागतें.