जुन्या मोबाईलची पारख

वापरलेल्या मोबाईलचा बाजार भारतात मोबाईलच्या पाठोपाठच उभा राहिला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीतल्या दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले आणि देशातली मोबाईलसेवा सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल या कंपन्या आल्या. बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात होता, आलेल्या फोनचेही पैसे पडत, आणि हँडसेटच्या किमतीत नोकरदाराचा काही महिन्यांचा पगार जाई. त्यामुळे दुसऱ्याने वापरून सोडलेला सेट हाच अनेकांचा पहिला मोबाईल ठरला. मुंबईत हाजी अलीचे हिरा पन्ना आणि क्रॉफर्ड मार्केटजवळचे मनीष मार्केट, दिल्लीत करोलबागेतले गफ्फार मार्केट ही त्याची मोठी ठिकाणे होती. जुना सेट घेताना आज जे जे तपासले जाते, त्यातली बहुतेक कलमे कोणत्या ना कोणत्या काळातल्या फसवणुकीनंतर यादीत आली आहेत.

सुरुवातीच्या वर्षांत बिल मागण्याला फारसा अर्थ नव्हता. सीमाशुल्क चुकवून परदेशातून आलेले नवे सेटही बिलाशिवायच विकले जात, मग जुन्याचे बिल कुठून येणार? गिऱ्हाईक आपले सिमकार्ड घालून बघे, रेंजच्या काड्या मोजी, एक फोन लावी आणि चार्जरची पिन हलवून पाही. बाकी भरवसा दुकानदारावर. ‘चेकिंग वॉरंटी’ म्हणून आठ-दहा दिवसांची तोंडी हमी देण्याची या धंद्यातली रीत आजही टिकून आहे. ती कागदावर नसते, पण रोज त्याच गाळ्यात बसणाऱ्या विक्रेत्याला ती सहसा पाळावी लागते.

बाह्यरूपावरून पारख करण्याची सोय लवकरच संपली. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० चे कव्हर हाताने निघत असे आणि नवे कव्हर रस्त्यावर स्वस्तात मिळे. ओरखडे पडलेला, पाण्यात पडून वाळवलेला सेटही पाच मिनिटांत कोरा दिसू लागला. जाणकार गिऱ्हाईक मग सेटच्या पोटात शिरले. नोकियाच्या अनेक मॉडेलांवर *#९२७०२६८९# दाबले की एक लपलेली यादी उघडे. तिच्यात सेट कोणत्या महिन्यात बनला, केव्हा विकला गेला, दुरुस्तीला कधी गेला याच्या नोंदी असत, आणि काही मॉडेलांत आजवर एकूण किती तास बोलणे झाले तेही दिसे. विक्रेता ‘सहा महिने वापरलाय’ म्हणत असताना यादी तीन वर्षांपूर्वीचा महिना दाखवी. जुन्या सेटच्या पारखीत ग्राहकाच्या हाती लागलेले हे पहिले खरे हत्यार.

मे २००३ पासून आलेल्या फोनचे पैसे बंद झाले आणि मोबाईल रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत पोहोचला. टॉर्चवाला नोकिया ११०० याच वर्षीचा. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये भरून मोबाईल हाती देणारी योजना आणली. त्या सीडीएमए सेटांत सिमकार्डच नव्हते. नंबर सेटमध्येच भरलेला असे आणि सेट एकाच कंपनीला जखडलेला असे. सिमकार्डावर चालणाऱ्या जीएसएम सेटांच्या सवयीने असा जुना सेट विकत घेणाऱ्यांना तो आपल्या नावावर चालू करून घेण्यासाठी कंपनीच्या दुकानात खेटे घालावे लागले. ‘हा सेट माझ्या सिमवर चालेल का?’ हा प्रश्न तेव्हापासून पहिला झाला.

बॅटरीकडे पाहायला शिकवले ते २००७ च्या ऑगस्टने. नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी अतिशय तापू शकतात असे जाहीर केले. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेला तो माल होता. लोक झाकण उघडून बॅटरीमागचा क्रमांक ताडून पाहू लागले. झाकण उघडणे आणखी एका कारणासाठी गरजेचे होते. बॅटरीखाली एक चिकटपट्टी असे आणि तिच्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक छापलेला असे.

या क्रमांकाभोवतीच पुढचा सारा इतिहास फिरतो. पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका सेटचे असतात, आणि पंधरावा आकडा पहिल्या चौदांवरून काढलेला असतो. डावीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, दोन आकडी उत्तर आले तर त्याचे अंक सुटे करायचे, सगळ्यांची बेरीज घ्यायची आणि ती पुढच्या दशकापर्यंत नेणारा आकडा शेवटी लिहायचा. मनाला येईल तो क्रमांक लिहून दिला की बहुधा इथेच पकडला जातो. *#०६# दाबून पडद्यावर येणारा क्रमांक, बॅटरीखालचा क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक असे तिन्ही जुळवायचे, ही चाचणी साधी असूनही फार उपयोगी ठरली.

पण २००५ नंतर बाजारात लोटलेल्या स्वस्त ‘चायना मोबाईल’नी ती मोडून काढली. मोठा आवाज, दोन सिम, कमी किंमत आणि आयएमईआयच्या जागी नुसती शून्ये किंवा हजारो सेटांत तोच एक क्रमांक. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षायंत्रणांचा दबाव वाढला आणि वैध क्रमांक नसलेल्या सेटांची सेवा ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून बंद करण्याचा आदेश निघाला. त्याआधी थोडे पैसे घेऊन सेटमध्ये क्रमांक भरून देण्याची अधिकृत सोय केली गेली. घाईत कोणताही क्रमांक भरून देणारेही निघाले. याची झळ बसली ती ज्यांनी पै-पै साठवून असा सेट घेतला होता त्यांना. दोष बनवणाऱ्याचा आणि आणणाऱ्याचा होता.

क्रमांक बदलण्याचा उद्योग पुढेही चालू राहिला. २०१७ च्या नियमांनी आयएमईआयशी छेडछाड हा गुन्हा ठरवला, तरी जून २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच क्रमांकावर तेरा हजारांहून अधिक हँडसेट चालू असल्याचे आढळले. दुरुस्तीहून परत आलेला एका पोलीस अधिकाऱ्याचा फोन नीट चालेना, म्हणून तपास सुरू झाला होता.

स्मार्टफोन आले आणि बॅटरी आत बंद झाली, चिकटपट्टीही गेली. चोरीचा सेट निरुपयोगी करण्याचे काम आता मालकाच्या खात्याकडे आले. अ‍ॅपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आणले. गूगलने अँड्रॉइड ५.१ मध्ये, २०१५ साली, तसेच कुलूप बसवले. फोन परस्पर रिसेट केला तरी पहिल्या मालकाचा पासवर्ड मागितला जातो. इथे प्रामाणिक व्यवहारही फसतात. पूर्वी ‘रिसेट करून दिलाय’ हे चांगले लक्षण मानत, या कुलपानंतर तेच धोक्याचे ठरले. विक्रेत्याने आधी आपले खाते काढायचे, मग गिऱ्हाईकासमोर रिसेट करायचे आणि फोन पुन्हा पहिल्या पडद्यापासून सुरू करून दाखवायचा, हा क्रम तेव्हापासून रूढ झाला. अलीकडे हप्त्यांवर घेतलेल्या फोनांमुळे यात भर पडली. हप्ते थकले की वित्तकंपनी दुरून फोन बंद करू शकते, त्यामुळे कर्ज फिटल्याचा कागद मागणे शहाणपणाचे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. तिच्यावर बोलणेही ४जी वरूनच होत असल्याने ३जी पर्यंतच चालणाऱ्या चांगल्या चांगल्या सेटांची किंमत कोसळली, आणि मोबाईल कोणत्या लहरींवर चालतो हे पाहणे भाग पडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी आल्यावर तोच धडा पुन्हा गिरवावा लागला.

दुरुस्तीचा धंदा वाढला तसा ‘डिस्प्ले ओरिजिनल की कॉपी’ हा वादही वाढला. कारागिरांच्या बोलीत ‘फोल्डर’ म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा जोड. तो बदलला की फोन नवा दिसतो, पण कॉपी फोल्डरचा रंग फिका असतो आणि कडेला बोट लावले तर टच अडखळतो. सॅमसंगच्या अनेक फोनांवर *#०*# दाबल्यास लाल, हिरवा, निळा असे एकरंगी पडदे उघडतात. मेलेले ठिपके आणि जुन्या चित्रांचे डाग त्यांवर लगेच दिसतात. जुन्या बॅटरीमुळे फोन मुद्दाम मंद केला जातो हे अ‍ॅपलने २०१७ च्या अखेरीस मान्य केले. मग मार्च २०१८ मध्ये बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दाखवायला सुरुवात झाली. डिसेंबर २०२१ पासून नव्या आयफोनांत बदललेले सुटे भाग अस्सल आहेत की नाही, हेही सेटिंग्जमध्ये दिसू लागले. आता फोनवरच बँकेचे व्यवहार होत असल्याने सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे कॅमेऱ्यापेक्षा आधी विचारायला हवे.

चोरीच्या मालाबाबत सर्वांत मोठा बदल महाराष्ट्रात सुरू झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सीईआयआर या आयएमईआय क्रमांकांच्या मध्यवर्ती नोंदवहीचा प्रायोगिक आरंभ झाला आणि मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलद्वारे ती देशभर खुली झाली. केवायएम ही अक्षरे आणि पुढे आयएमईआय असा संदेश १४४२२ वर पाठवला की उत्तर येते. ‘काळ्या यादीत’, ‘दुबार’ किंवा ‘आधीच वापरात’ असे उत्तर आले तर तो फोन घ्यायचा नाही. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्ती-नियमांनी जुन्या फोनांच्या खरेदी-विक्रीआधी अशी पडताळणी धंदेवाल्यांवर बंधनकारक केली. मात्र तक्रार नोंदली जाईपर्यंत चोरीचा फोनही या नोंदवहीत स्वच्छच दिसतो. म्हणून मूळ बिल, विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि आयएमईआय लिहिलेली सही केलेली पावती, एवढे कागद आजही घ्यावे लागतात.