खरं पदक, खोटी गोष्ट

मंडळी, आजचा विषय जरा हटके आहे. पदकं! ऑलिंपिकची नव्हे, सोव्हिएत सैन्याची. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन कोसळलं आणि तिथल्या घराघरांतली पदकं बाजारात आली. मागोमाग नकलाही आल्या. मग खरं-खोटं ओळखायचं कसं?

उदाहरण म्हणून 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' घेऊ. १९३० साली सुरू झालेलं हे चांदीचं पदक. पाच टोकांच्या ताऱ्यावर लाल मिनाकारी, मधोमध बंदूकधारी सैनिक. ३५ लाखांहून जास्त वाटली गेली. म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, तरी नकला होतातच.

सगळी गंमत मागच्या बाजूला असते. तिथे टांकसाळीचं नाव, अनुक्रमांक आणि कपड्यावर अडकवायचा स्क्रू असतो. भिंग घेऊन बघायचं. आकड्यांचं वळण त्या काळातल्या इतर पदकांशी जुळतं का? आकड्यांभोवतीचा धातू खोलगट किंवा घासलेला दिसतो का? तसं असेल तर कुणीतरी जुना नंबर कानशीने उडवून नवा कोरलाय. मिनाकारी म्हणजे काच; तिचा टवका उडतो. तिथे रंग भरून डागडुजी केली असेल तर भिंगाखाली कळतं.

पण पदक खरं निघालं म्हणजे काम संपलं का? नाही ना! त्याच्यावर नाव नसतं, फक्त नंबर. आपल्या भाषेत सांगायचं तर ती प्रायमरी की. नाव मिळतं सोबतच्या पुस्तिकेत आणि सरकारी दप्तरात. म्हणून हुशार ठग अख्खं पदक बनवत बसत नाही. खरं पदक घेतो आणि त्याला एखाद्या शूराची खोटी कागदपत्रं जोडतो. भाव गोष्टीला मिळतो हो, चांदीला नाही. (रशियात अशी सरकारी पदकं विकणं हा गुन्हा आहे, तरी धंदा चालतोच.)

आता आपल्याकडे येऊ. १९४४ मध्ये हेच रेड स्टार दोन भारतीयांना मिळालं: तामिळनाडूचे सुभेदार नारायणराव निकम आणि उत्तराखंडचे हवालदार गजेंद्रसिंह चंद. निकम हे आडनाव तर आपल्या किती ओळखीचं! दोघंही रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे, म्हणजे रसद पोचवणारे. इराणमार्गे सोव्हिएत सैन्याला माल जायचा, त्या कामासाठी हा सन्मान. उद्या कुणी "हे निकमांचं पदक" म्हणून दाखवलं, तर आधी विचारायचं: नंबर काय, आणि तो कुठल्या कागदावर आहे?

यवतमाळात रशियन पदक सापडणं कठीणच. पण पहिल्या महायुद्धाची ब्रिटिश पदकं विदर्भातल्या एखाद्या पेटीत असू शकतात. त्यांचं बरं असतं. 'ब्रिटिश वॉर मेडल'च्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पण हे पदकही चांदीचं. सोनाराने वितळवलं की चांदीचे पैसे येतात, नाव मात्र कायमचं जातं.

तेव्हा दिवाळीत घरी जाल तेव्हा पेटी उघडा. कडेचा फोटो काढा, आजीला विचारा, ती सांगेल ते तारखेसकट लिहून ठेवा. आणि हो, पितांबरीने घासू नका बाप्पा! अक्षरं झिजतात.