कलाशाळेच्या सभागृहातला एक दिवस : वुल्व्हरहॅम्प्टन, १९८२

इंग्लंडच्या मध्यभागातील वुल्व्हरहॅम्प्टन हे कारखान्यांचे शहर. इनॉक पॉवेल १९५० ते १९७४ या काळात येथूनच संसदेवर निवडून येत. स्थलांतरितांविरुद्धचे त्यांचे १९६८चे बर्मिंगहॅममधील भाषण कुप्रसिद्ध आहे. ज्या वस्त्यांकडे बोट दाखवून ते केले गेले, तेथली मुले दहा-बारा वर्षांनी कलाशाळांत पोहोचली.

त्यांपैकी एक एडी चेंबर्स, जन्म याच शहरातला, १९६०चा. विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ब्रिटनच्या राष्ट्रध्वजाला नाझी चिन्हाचा आकार दिला आणि चार चित्रफलकांत तो टप्प्याटप्प्याने फाडत नेला. रोख होता 'नॅशनल फ्रंट' या वर्णद्वेषी पक्षावर. आज ही कलाकृती टेट संग्रहालयात आहे.

आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हटले की अभियांत्रिकीची पदविका आठवते. ब्रिटनमध्ये त्या काळी तेथे चित्रकलेची पदवीही मिळे. कॉव्हेंट्रीच्या अशाच संस्थेत चेंबर्स यांची कीथ पायपर यांच्याशी गाठ पडली. जून १९८१ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या कलादालनात या तरुणांचे प्रदर्शन भरले. पुढे हा गट 'बीएलके आर्ट ग्रुप' म्हणून ओळखला गेला.

खरी कसोटी लागली २८ ऑक्टोबर १९८२ रोजी. वुल्व्हरहॅम्प्टन पॉलिटेक्निकमध्ये पहिली राष्ट्रीय कृष्णवर्णीय कला परिषद भरली, आणि ती भरवली होती विद्यार्थ्यांनी. कृष्णवर्णीय कला म्हणजे काय, तिचे काम कोणते, हे कलाशाळेच्या अभ्यासक्रमात नसलेले प्रश्न त्यांनी कलाशाळेतच मांडले. कराचीत जन्मलेले रशीद अराईन हेही वक्ते होते; त्या काळच्या ब्रिटिश चळवळीत 'कृष्णवर्णीय' या शब्दात आशियाईही मोडत.

मग क्लॉडेट जॉन्सन बोलायला उभ्या राहिल्या. त्या याच पॉलिटेक्निकच्या विद्यार्थिनी. कलेत कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्रण कसे होते, हा त्यांचा विषय. त्यावरून सभागृहात वाद पेटला. गोऱ्यांच्या कलाविश्वाला जाब विचारणाऱ्या सभेलाच आता जाब द्यावा लागत होता. अखेर काही स्त्रियांनी बाजूला जाऊन वेगळी चर्चा केली. परिषदेच्या इतिहासात अनेकदा ओझरता येणारा हा प्रसंग खरे तर तिच्या केंद्रस्थानी ठेवायला हवा.

उपस्थितांत ल्युबैना हिमिद होत्या. त्यांना २०१७ साली टर्नर पुरस्कार मिळाला. स्टोअरब्रिजची विद्यार्थिनी सोनिया बॉइस होती. २०२२च्या व्हेनिस बिएनालेत तिच्या दालनाला सुवर्णसिंह लाभला. जॉन्सन यांचे नाव टर्नरच्या अंतिम यादीत आले २०२४ मध्ये, त्या भाषणानंतर ४२ वर्षांनी.