आपला कोण, परका कोण?

इंग्लंडात डॅव्हेंट्री गावाजवळ २६ फेब्रुवारी १९३५ रोजी एक मोटार-व्हॅन उभी होती. बी.बी.सी.च्या तेथील केंद्रातून निघालेल्या लहरी हेफर्ड विमानावर आपटून परततात की नाही, एवढेच वॉटसन-वॉट व विल्किन्स यांना पाहावयाचे होते. सुमारे ८ मैलांपर्यंत विमानाची चाहूल लागली. आकाशात विमान आहे, हे कळले; ते कोणाचे, हे मात्र लहर सांगेना.

ह्या उणिवेची किंमत ६ सप्टेंबर १९३९ रोजी मोजावी लागली. ब्रिटनने युद्ध पुकारून अवघे तीन दिवस झाले होते. शत्रू आल्याची खोटी वर्दी मिळाली, म्हणून ५६व्या तुकडीची हरिकेन विमाने वर गेली. पुढे तीच शत्रू समजली गेली, आणि ७४व्या तुकडीच्या स्पिटफायरांनी त्यांतली दोन पाडली. हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक ठार झाला. गोळ्या झाडणारे दोघे लष्करी न्यायालयापुढे उभे राहिले व निर्दोष सुटले. चूक साऱ्या यंत्रणेची, पण पिंजऱ्यात उभा राहतो तो हाताने काम करणारा. आम्हां गिरणीवाल्यांना हे नवे नाही.

चेन होम ह्या रडार-केंद्रांत पडद्यावर नजर लावून बसणाऱ्यांत पुष्कळ मुली होत्या. विमानाचा पडसाद म्हणजे आडव्या रेघेला पडलेली खाच. विमाने अनेक असली की त्यांचे पडसाद एकमेकांत मिसळून ती खाच थरथरे, आणि त्या थरथरीवरून मुरलेली मुलगी संख्येचा अदमास सांगे. हे कसब पुस्तकातून येत नाही. पगार मात्र पुरुषाच्या दोनतृतीयांश!

पुढे ब्रिटिश विमानांत एक लहानसे यंत्र बसवले. रडारची लहर पोचली की ते आपली जोड देई, आणि पडद्यावरची खाच ठरावीक वेळाने फुगे. फुगली तर आपला. न फुगली तर? परका असेल, किंवा यंत्र बिघडलेला आपलाच माणूस असेल.

म्हणून शास्त्रज्ञ पडसादाकडेच पुन्हा वळले. जेट इंजिनाच्या फिरत्या पात्यांवरून परतणाऱ्या लहरीत पात्यांच्या संख्येची व वेगाची खूण उमटते. तीवरून इंजिनाची जात, आणि जातीवरून विमान ओळखता येते. मात्र त्यासाठी लहर पात्यांपर्यंत पोचली पाहिजे. विमानाने कूस वळवली, पाती आड गेली, की ती खूणही जाते.