कुटुंबवैद्य

कुटुंबवैद्य : एखाद्या कुटुंबातील सर्व वयांच्या व्यक्तींना कोणत्याही दुखण्यात प्रथम सल्ला व उपचार देणारा, त्या कुटुंबाशी दीर्घकाळ संबंध असलेला आणि जरूर तेव्हा रुग्णास विशेषज्ञाकडे अथवा रुग्णालयात पाठविणारा वैद्य म्हणजे कुटुंबवैद्य होय. व्यवहारात त्यास ‘फॅमिली डॉक्टर’ ही संज्ञा रूढ आहे. विशेषज्ञाचे लक्ष प्रामुख्याने एखाद्या इंद्रियावर वा रोगावर केंद्रित झालेले असते. कुटुंबवैद्यास मात्र रुग्णाबरोबरच त्याचे घर, व्यवसाय, आहार, आर्थिक स्थिती आणि शेजार यांचाही विचार करावा लागतो. यामुळे वैयक्तिक उपचार आणि सार्वजनिक आरोग्य यांना जोडणारा दुवा म्हणून त्याचे महत्त्व विशेष आहे. साथीच्या रोगाची पहिली चाहूल पुष्कळदा त्यालाच लागते. प्रस्तुत नोंदीत या व्यवसायाचा मुंबई इलाखा व महाराष्ट्र यांतील इतिहास प्रामुख्याने दिला आहे.

पूर्वपीठिका : आधुनिक कुटुंबवैद्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकारास आली. १८१५ च्या ॲपॉथेकरी कायद्याने औषधे तयार करून रुग्णांवर उपचार करणाऱ्या व्यावसायिकांसाठी शिक्षण व परीक्षा आवश्यक ठरविल्या आणि या वर्गातूनच पुढे सामान्य वैद्यक-व्यवसायी निर्माण झाला. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने तेथील कामगारांना ठराविक डॉक्टरांच्या यादीतून आपला डॉक्टर निवडण्याची सोय मिळाली. १९४८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत तर प्रत्येक नागरिकाचे नाव एखाद्या कुटुंबवैद्याकडे नोंदविण्याची पद्धत पायाभूत मानली गेली. यॉर्कशरमधील एझगार्थ येथे व्यवसाय करणारे विल्यम पिकल्स यांनी आपल्या खेड्यांतील रुग्णांच्या दैनंदिन नोंदींवरून संसर्गजन्य रोगांच्या प्रसाराचा अभ्यास केला आणि १९३९ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. एकाच परिसरात दीर्घकाळ काम करणारा डॉक्टर रोगपरिस्थितिविज्ञानात किती भर घालू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मुंबई इलाख्यातील उदय : इलाख्यात आयुर्वेदीय वैद्य व हकीम यांची परंपरा जुनी होती आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यातील वैद्याकडे जाण्याची रीत सर्वत्र आढळत असे. पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण १८४५ मध्ये मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर मिळू लागले. १८५१ मध्ये तेथून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड (१८२२–७४) होते. त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय केला आणि बंधू नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. पुण्यात १८७८ मध्ये बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा स्थापन झाली. १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षा घेणारी संस्था निघाली. विद्यापीठाचे पदवीधर संख्येने थोडे व बहुधा शहरवासी असत. तालुक्याच्या गावांपर्यंत व मोठ्या खेड्यांपर्यंत आधुनिक वैद्यक पोहोचविले ते मुख्यतः वैद्यकीय शाळांतून तयार झालेल्या, ‘लायसेन्शिएट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदविकाधारकांनी.

दवाखान्याचे स्वरूप : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दवाखाना साधा असे. बाहेर बाके, आत डॉक्टरांची खोली व पडद्यापलीकडे तपासणीचे टेबल आणि एका बाजूस कंपाउंडरची खिडकी, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी होती. औषधे तेथेच तयार करीत. रुग्ण पुष्कळदा घरूनच बाटली आणी. तीत मिक्श्चर भरून डोसाचे माप दाखविणारी, कडेला खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीवर चिकटविली जाई. चूर्णाच्या पुड्या बांधून मिळत. तपासणी व औषध यांचे शुल्क एकत्रच घेतले जाई आणि ते रुग्णाची ऐपत पाहून कमीजास्त होई. घरी जाऊन रुग्ण तपासणे हा व्यवसायाचा नित्याचा भाग होता. त्यामुळे ओल, अंधार, दाटीवाटी, पाण्याची साठवण इ. रोगास पोषक गोष्टी डॉक्टर प्रत्यक्ष पाही. पुढे तयार गोळ्या व इंजेक्शने यांचा प्रसार झाला, तशी कंपाउंडरची खिडकी मागे पडून औषधांच्या दुकानाचे महत्त्व वाढले.

प्लेगची साथ : कुटुंबवैद्याचे सामाजिक महत्त्व १८९६ च्या प्लेगने ठळकपणे पुढे आणले. मूळचे गोव्यातील हडफडे येथील आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले अकासियो गाब्रिएल व्हिएगस (१८५६–१९३३) मुंबईत मांडवी भागात व्यवसाय करीत होते. ज्वर व गाठी असलेले रुग्ण पाहून हा ग्रंथिक प्लेग असल्याचे निदान त्यांनी केले आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी ते महानगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडले. प्रारंभी या निदानाविषयी शंका घेतल्या गेल्या. परंतु व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांच्या जीवाणुशास्त्रीय तपासणीने त्यास पुष्टी मिळाली. रोगाची बातमी प्रशासनास कळली ती अशा रीतीने एका वस्तीतील खाजगी डॉक्टराकडून.

यानंतर सरकारने योजिलेले उपाय मात्र वेगळ्या वृत्तीचे होते. १८९७ च्या साथरोग कायद्याने व्यापक अधिकार मिळताच घरांची सक्तीने झडती, रुग्णांची जबरीने रवानगी व नातेवाइकांचे विलगीकरण सुरू झाले. पुण्यात सैनिकांकरवी झालेल्या तपासणीमुळे तीव्र असंतोष पसरला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. भयापोटी लोक रुग्णांना लपवू लागले. याच साथीत सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा केली. तीत संसर्ग होऊन सावित्रीबाईंचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. साथनियंत्रणास अधिकाराइतकीच विश्वासाची गरज असते आणि असा विश्वास परिचयाच्या वैद्यावर सहज बसतो, हा या साथीचा धडा होय.

नोंदणी व भोर समिती : १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने इलाख्यात आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. १९३८ च्या कायद्याने आयुर्वेदीय व युनानी व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद झाली आणि वस्त्या-वस्त्यांतून काम करणाऱ्या वैद्यांच्या मोठ्या वर्गास मान्यता मिळाली. दरम्यान १९३३ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्याने लायसेन्शिएटांना अखिल भारतीय मान्यतेच्या कक्षेबाहेर ठेवले होते.

१९४३ मध्ये नेमलेल्या व १९४६ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या भोर समितीस देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर आढळले. त्यांपैकी सुमारे ३०,००० लायसेन्शिएट होते. सरासरी ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर असे प्रमाण पडत होते आणि डॉक्टरांची गर्दी शहरांत होती. रोगप्रतिबंध व उपचार यांची सांगड घालणारा ‘सामाजिक वैद्य’ निर्माण करावा, दर ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अल्पावधीत उभारावे आणि वैद्यकीय शिक्षणाचा एकच, पदवीचा स्तर ठेवावा, अशा तिच्या प्रमुख शिफारशी होत्या. पदविका बंद केल्यास ग्रामीण भागास डॉक्टर मिळणार नाहीत, असे भिन्नमत काही सदस्यांनी नोंदविले. परंतु बहुमताची शिफारस अंमलात आली. वैद्यकीय शाळा बंद झाल्या अथवा त्यांची महाविद्यालये बनली. पुण्याच्या शाळेचे १९४६ मध्ये महाविद्यालय झाले. शिक्षणाचा दर्जा उंचावला, हे खरे. तथापि नवे पदवीधर मोठ्या संख्येने शहरांकडे व विशेषज्ञतेकडे वळले. १९५२ पासून आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, तरी समितीला अभिप्रेत असलेला सामाजिक वैद्य त्यांना पुरेशा संख्येने मिळाला नाही. गावातील खाजगी डॉक्टर या नव्या रचनेच्या बाहेरच राहिला.

कामगार विमा योजना : या तुटलेपणास एक उल्लेखनीय अपवाद म्हणजे १९४८ च्या कायद्यान्वये आलेली कर्मचारी राज्य विमा योजना. १९५४ मध्ये ती मुंबईत लागू झाली, तेव्हा सर्वत्र सरकारी दवाखाने काढण्याऐवजी कामगार वस्त्यांतील खाजगी डॉक्टरांचे पॅनेल नेमण्याची पद्धत स्वीकारली गेली. कामगाराने यादीतून आपला डॉक्टर निवडावा व डॉक्टरास नोंदलेल्या माणसांच्या संख्येनुसार वार्षिक मोबदला मिळावा, असे तिचे स्वरूप होते. गिरणगावातील डॉक्टरास यामुळे प्रथमच सार्वजनिक व्यवस्थेत निश्चित स्थान लाभले. मात्र ही सोय संघटित उद्योगांपुरतीच मर्यादित होती.

ऱ्हास व त्याचे परिणाम : १९६३ मध्ये भारतीय वैद्यक संघाने सामान्य वैद्यक-व्यवसायींचे महाविद्यालय स्थापन केले. तरीही पदवी-शिक्षणात कुटुंबवैद्यकास स्वतंत्र विषयाचा दर्जा मिळाला नाही. विशेषज्ञांची वाढ, रुग्णालयांचे व्यापारी स्वरूप आणि नागरिकांचे स्थलांतर यांमुळे कुटुंब व वैद्य यांचे नाते सैल झाले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत वैद्यकीय सेवा येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. रुग्णास दाद मागण्याचा मार्ग त्यामुळे मिळाला. परंतु डॉक्टरांमध्ये सावधगिरीपोटी अधिक चाचण्या करण्याची प्रवृत्तीही बळावली.

व्यवस्थेबाहेर राहिलेल्या डॉक्टरांमुळे होणारी हानी क्षयरोगाच्या संदर्भात स्पष्ट झाली. मुंबईतील सुमारे १०० खाजगी डॉक्टरांच्या, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत क्षयरोगासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना आढळल्या. सातत्यपूर्ण शिक्षण व राष्ट्रीय कार्यक्रमाशी संबंध यांचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण होय. खाजगी डॉक्टरांनीही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळविणे २०१२ मध्ये बंधनकारक करण्यात आले.

अलीकडील काळ : २००२ व २०१७ या दोन्ही राष्ट्रीय आरोग्य धोरणांत कुटुंबवैद्यकाची गरज मान्य करण्यात आली असून या विषयाचे पदव्युत्तर शिक्षणही उपलब्ध झाले आहे; तथापि इतर विशेष शाखांच्या तुलनेने त्याचा विस्तार अल्प आहे. २०२० च्या कोविड-१९ साथीत १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू करण्यात आला. प्रारंभीच्या टाळेबंदीत अनेक खाजगी दवाखाने बंद पडले आणि नित्याच्या रुग्णांची मोठी गैरसोय झाली. उलट, धारावीत मुंबई महानगरपालिकेने खाजगी डॉक्टरांना सोबत घेऊन घरोघर तपासणी केली. वस्तीस परिचित असलेले डॉक्टर दारी आल्याने लक्षणे सांगण्यातील लोकांचा संकोच कमी होण्यास मदत झाली.

मांडवी ते धारावी या सव्वाशे वर्षांच्या काळात कुटुंबवैद्याची आठवण शासनास प्रामुख्याने संकटकाळी झाली. संकट ओसरताच तो पुन्हा केवळ खाजगी व्यावसायिक गणला गेला. त्याचे शिक्षण, त्याच्याकडील नोंदी व त्याचा मोबदला यांची सार्वजनिक व्यवस्थेशी कायमची सांगड घालण्याचा प्रयत्न कामगार विमा योजनेसारख्या मोजक्या क्षेत्रांतच झाला. दीर्घकालीन विकार व वार्धक्यातील दुखणी यांचे प्रमाण वाढत असताना रुग्णास वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या वैद्याची आवश्यकता अधिकच भासत आहे.