एक लांब, दोन आखूड

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर, मॉडेल 5150, बाजारात आला. बटण दाबताच तो कामाला लागत नसे. आधी प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड अशी सगळ्यांची हजेरी घेई आणि सारे ठीक असेल तर एकच आखूड बीप देई. काही बिघडले असेल तर पडद्यावर आकडा उमटे: 201 म्हणजे मेमरी, 301 म्हणजे कीबोर्ड, 601 म्हणजे फ्लॉपी.

पण पडदाच काळा राहिला तर? ही अडचण आयबीएमच्या इंजिनिअरांनी आधीच ओळखली होती. एक लांब आणि दोन आखूड बीप आले की दोष डिस्प्लेच्या सर्किटमध्ये. शिवाय ही तपासणी करणाऱ्या प्रोग्रामचा, म्हणजे बायोसचा, सगळा कोड आयबीएमने तांत्रिक पुस्तिकेत छापला. यंत्राच्या मालकाला इतके उघड करून सांगणे ही मोठीच गोष्ट होती.

पुढे एएमआय, अवॉर्ड, फिनिक्स यांचे बायोस आले आणि प्रत्येकाचे बीप निराळे झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गावातल्या दुकानापर्यंत मेकॅनिकचा पहिला प्रश्न मात्र एकच: बीप येतोय का? येत असेल तर बहुतेक वेळा रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच घासायच्या, कचरा फुंकायचा आणि दोन्ही कडांची खिटी 'टक्' होईपर्यंत दाबून बसवायची. दमट हवेत त्या पट्ट्यांवर बसलेला थर निघाला की कितीतरी 'मेलेले' कॉम्प्युटर उठत.

26 एप्रिल 1999 रोजी मात्र हा उपाय चालला नाही. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या सीआयएच व्हायरसने हार्ड डिस्कवरचा मजकूर तर पुसलाच, अनेक मदरबोर्डांच्या चिपमधला बायोसही खराब केला. तपासणी करणारेच गेल्यावर बीप कोण देणार? चिप बदलणे किंवा नव्याने लिहून घेणे, एवढेच हाती उरले.

आता बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. काही मदरबोर्डांवर दोष कुठे आहे ते दाखवणारे सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतात. स्वस्त बोर्डांवर तेही नसतात आणि कॅबिनेटमध्ये स्पीकरही येत नाही. हे ग्राहकाचे सरळ नुकसान आहे. कॉम्प्युटर जोडून घेताना बोर्डावर स्पीकरच्या पिना आहेत का ते पाहा आणि असतील तर दुकानदाराला छोटा स्पीकर लावायला सांगा. त्याला फारसा खर्च येत नाही.