घाटावरचे चार हजार ओहम

लोणावळ्यात हेडफोन घ्यायचा तर आधी पावसाला विचारावं लागतं. आमच्या वळवणच्या घराला मागच्या अंगाला पत्र्याची पडवी आहे आणि माझी ऐकायची खुर्ची तिथेच. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत त्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतो, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो तो, आणि बहुतेक सगळा या चार महिन्यांतच. माझ्याकडे गेली बारा वर्षं सेनहायझरचा एचडी ६०० आहे. तो उघड्या पाठीचा, म्हणजे कानावरच्या वाट्यांना मागून नुसती जाळी. डिसेंबरच्या रात्री तो लावून हिराबाई बडोदेकर ऐकाव्यात. दोन सुरांमध्ये घेतलेला श्वाससुद्धा वेगळा कळतो. जुलैत मात्र हिराबाई आणि पत्रा एकदमच ऐकू येतात.

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, हातात थोडे पैसे आहेत आणि कान अजून शाबूत आहेत. यंदा ठरवलं, याच्या वरची पायरी गाठायची. पर्याय तीन होते: याहून भारी जोड, आहे त्याच जोडाला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर, किंवा नुसती महागडी केबल. वहीत आकडेमोड करत बसले असताना माळ्यावरचा बिस्किटांचा डबा आठवला. त्यात आजोबांचा हेडफोन आहे.

डबा उतरवला. काळ्या एबोनाइटच्या दोन डब्या, त्यांना जोडणारी पोलादी पट्ट्यांची कमान आणि सुती वेणीत गुंफलेली वायर. डबीचं झाकण फिरकीचं. काढलं की आत पातळ लोखंडी चकती, चकतीखाली चुंबक आणि त्याच्या दोन टोकांवर केसाहून बारीक तांब्याच्या तारेची रिळं. तारेचे हजारो वेढे असणार. मागच्या बाजूला कोरलंय : २००० ओहम. दोन्ही कान एकापुढे एक जोडलेले, म्हणून जोडीचे चार हजार. वायरीच्या दोन टोकांपैकी एकात लाल धागा विणला आहे. त्या धाग्याचं काम लहानपणी बाबांनी मला समजावलं होतं, ते पुढे सांगते.

आजोबा जी. आय. पी. रेल्वेत तारबाबू होते, आधी खंडाळ्याला आणि मग लोणावळ्याला. दिवसभर कानात तारेची कट्ट-कडकट्ट. बाबा सांगायचे, की बिनतारी आवाजाचं वेड आजोबांना एका बातमीनं लावलं. ऑगस्ट १९२१ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'ने डाक-तार खात्याच्या मदतीने मुंबईच्या आपल्या कचेरीतून गाण्याबजावण्याचा एक कार्यक्रम हवेत सोडला होता. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या फर्माइशीवरून, आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर पुण्यात मुक्कामाला असत. म्हणजे ते सूर बोरघाट चढून, आमच्या मावळावरून पुण्याला गेले. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे. आपल्या डोक्यावरून गाणं गेलं आणि आपल्याला कळलंही नाही, ही रुखरुख त्यांनी सहा वर्षं बाळगली.

२३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. प्रक्षेपकाची ताकद दीड किलोवॉट. ऐकण्याचा परवाना वर्षाला १० रुपये. सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे क्रिस्टल सेट: शिशाच्या खनिजाचा एक चमकता खडा आणि त्यावर टेकवायची बारीक तार. त्याला ना सेल, ना वीज. एरियलमधून जेवढी लहर उतरेल तिच्याच बळावर तो बोलणार, म्हणून त्याला हेडफोनच लागे. जीव मुठीएवढा असलेल्या त्या प्रवाहाकडून चकती हलवून घ्यायची, तर तारेला वेढे भरपूर हवेत आणि म्हणून ओहमही भरपूर. चार हजारांचं गणित हे असं आहे.

पण क्रिस्टलची धाव मुंबईपासून जेमतेम ३० मैल. लोणावळा कावळ्याच्या उडीनेही त्याच्या पलीकडचं. आजोबांना पहिले काही दिवस सुईएवढा आवाज यायचा, तोही रात्रीच. मुंबईचे एक स्नेही म्हणाले, याहून चांगला हेडफोन आणा. आजोबांनी हेडफोनला हात लावला नाही. घराच्या आढ्यापासून परसातल्या जांभळापर्यंत शंभर फूट तार ताणली. विहिरीजवळ खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, त्याभोवती कोळसा आणि मीठ घातलं आणि तिथून अर्थिंगची तार खिडकीतून आत घेतली. आवाज दुपटीने वाढला, असं बाबा सांगत. दुपटीने वाढल्याचा हिशेब त्यांनी कसा काढला कोण जाणे, पण तारेची लांबी आणि ओली जमीन या दोन गोष्टींनी आवाज वाढतो, हे मी स्वतः वर्गातल्या मुलांना करून दाखवलं आहे.

पुढच्या वर्षी एका व्हॉल्व्हचा सेट आला. त्याला दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या लागत, एक व्हॉल्व्हची तार तापवायला आणि दुसरी चढ्या दाबाची. हेडफोन तोच राहिला. आता त्या लाल धाग्याचं. या सेटमध्ये बॅटरीचा प्रवाह सरळ हेडफोनच्या रिळांतून वाहायचा. टोकं उलटी लागली तर तो प्रवाह चुंबकाशी भांडायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत चुंबक मेंगळटायचं. म्हणून लाल टोक नेहमी धन बाजूला. पावसाळ्यात केस ओले असले की डबीच्या धातूच्या कडेवरून कानाला चांगला चटका बसे. आजोबा टॉवेलाने कान कोरडे करून मगच हेडफोन चढवत. चकतीला गंज चढू नये म्हणून डब्यात भाजलेले तांदूळ ठेवत. तांदूळ दर रविवारी पुन्हा भाजायचे, हे काम आजीचं.

आजीने मात्र कमान कधी डोक्यावर घेतली नाही. अंबाडा, वर पदर, त्यात ते पोलाद कुठे बसणार? आजोबा एक डबी कमानीतून सोडवून तिच्या हातात देत. "अगं, आता लागेल बघ," एवढंच म्हणत. ती डबी पदराआड कानाशी धरून उंबऱ्यात बसायची. एका गाण्याचा डावा भाग एकाच्या कानात आणि उजवा दुसऱ्याच्या, असं तेव्हा नव्हतंच. दोघांना एकच आवाज, अर्धा अर्धा वाटून. शेजारपाजारचे जमले की दोन्ही डब्या पितळी परातीत पालथ्या ठेवायच्या. परात तो आवाज उचलून धरते आणि भोवती डोकी टेकवून पाच-सहा जण ऐकू शकतात. मी हे माझ्या फोनच्या इअरफोनवर करून पाहिलं आहे. स्टीलच्या परातीपेक्षा पितळेचा आवाज गोड.

१९२९ मध्ये घाटातल्या गाड्या विजेवर धावू लागल्या. आजोबांच्या नोकरीला ते सोयीचं झालं, ऐकण्याला नाही. ओव्हरहेड तारेला इंजिनाचा पँटोग्राफ घासला की ठिणगी, आणि ठिणगी उडाली की कानात खर्र. बाबांना गाडीचं वेळापत्रक पाठ होतं ते या खर्रवरून. आमच्याच वळवण आणि लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी १९१५ पासून खोपोलीला टाटांच्या वीजघरात उतरून मुंबईच्या गिरण्या चालवत होतं, आणि आमच्या घरात रेडिओ बॅटरीवर. ही बॅटरी हातगाडीवर घालून भरायला न्यावी लागे. मला या गोष्टीचा अजूनही राग येतो.

कंपनीचं दिवाळं १९३० मध्ये निघालं. १९२९ च्या अखेरीस अख्ख्या देशात परवाने आठ हजारांच्याही आत होते, तेवढ्यावर दोन केंद्रं कशी चालणार? मग सरकारने ती ताब्यात घेतली, आणि १९३६ मध्ये त्या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. आमच्या घरात तोवर स्पीकरचा सेट आला होता आणि हेडफोन डब्यात गेला होता.

बाबांनी पुढे बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. त्यांच्या आठवणीत मोठा दिवस म्हणजे २ ऑक्टोबर १९५३, पुणे केंद्र सुरू झालं तो. इतकी वर्षं मावळाचा कान पश्चिमेकडे, मुंबईकडे होता. आता लोक एरियल फिरवून द्या म्हणत दुकानात यायला लागले. १९५५ च्या रामनवमीला पुण्याहून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक, अशी छप्पन्न गाणी. बाबा म्हणायचे, त्या वर्षी त्यांनी जेवढे स्पीकर बदलले तेवढे पुन्हा कधी बदलले नाहीत. फाटक्या कागदाच्या स्पीकरवर राम ऐकायला कोणी तयार नव्हतं. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांसाठी शेतकऱ्यांचे कार्यक्रम केले. आधी सगळ्यांनी मिळून ऐकायचं, मग त्यावर बोलायचं, आणि प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. परातीची पद्धत आता चावडीवर पोचली होती.

त्यानंतर ट्रान्झिस्टर आला. पवनेच्या खोऱ्यात भातलावणीला बायका खाचरात वाकलेल्या, डोक्यावर इरलं, आणि बांधावरच्या काठीला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ट्रान्झिस्टर. हे मी शाळकरी वयात पाहिलं आहे. दुरुस्तीला येणाऱ्या त्या सेटांमधून चिखलाचा वास यायचा.

हेडफोनची गोष्ट तोवर दुसरीकडे चालू होती. जर्मनीत बायरने १९३७ मध्ये डीटी ४८ काढला. त्यात लोखंडी चकतीऐवजी लहानशा स्पीकरसारखं हलतं वेटोळं. १९६८ मध्ये सेनहायझरचा एचडी ४१४ आला, उघड्या पाठीचा पहिला गाजलेला हेडफोन. त्याचा आकडा वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले : २००० ओहम. आजोबांच्या डबीवर कोरलेलाच. १९७९ च्या वॉकमनने हा आकडा खाली खेचला, कारण दोन पेन्सिल सेलवर चालायचं तर ओहम कमी हवेत. माझा एचडी ६०० हा १९९७ चा घाट, तीनशे ओहमचा. म्हणजे आजोबा आणि वॉकमन यांच्या मधला.

तीनशे ओहमना प्रवाह फार लागत नाही, व्होल्टेज लागतं. एका व्होल्टला हा जोड ९७ डेसिबल देतो. फोनमधून व्होल्टच्या आसपास मिळालं तरी जुन्या तबकड्यांना ते पुरतं, कारण त्यांत हळू आणि मोठा आवाज यांत फार अंतरच नाही. पण मैफिलीचं अलीकडचं मुद्रण, आलापाची सुरुवात पुटपुटल्यासारखी आणि द्रुत तान एकदम वर, तिथे ताकद अपुरी पडते. केबलने यातलं काही बदलत नाही. तांबं ते तांबंच.

बंद पाठीचा भारी जोड घ्यावा तर पाऊस अडतो, हे खरं. मैत्रिणीकडून तसा एक पावसाळाभर वापरायला आणला होता, खऱ्या चामड्याच्या गाद्यांचा. गणपतीपर्यंत गाद्यांवर हिरवट बुरशी. दुकानदार म्हणाला, वॉरंटीत बसत नाही. तिला नव्या गाद्या मी माझ्या पैशाने घेऊन दिल्या. आणि उघड्या पाठीच्या जोडावर पावसाच्या वर आवाज चढवायचा, हे तर करायचंच नाही. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढीच मुभा देते, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. माझं वय पाहता कानांशी जुगार मला परवडणारा नाही.

मग आजोबांचंच केलं. खुर्ची पडवीतून उचलून माजघरात आणली. तिथे वर स्लॅब आहे, पाऊस दूरच्या गर्दीसारखा ऐकू येतो. जोड तोच ठेवला. अ‍ॅम्प्लिफायर मागवला, साधा, पण तीनशे ओहमला पाच-सहा व्होल्ट सहज देणारा. मखमली गाद्यांचा जादा जोड घेतला आणि सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलं. पुड्या दर रविवारी तव्यावर मंद आचेवर कोरड्या करते.

काल मल्टिमीटर लावून आजोबांचा हेडफोनही तपासला. उजव्या कानाला काटा हलला, १९४० ओहम. तेवढाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडून परातीत पालथा घातला तर हिराबाई आल्या, बारीक, नाकात बोलल्यासारख्या, पण सुरात. डावा मुका आहे. झाकण काढून पाहिलं, रिळाचं बाहेरचं टोक गंजून तुटलंय. केसाएवढ्या त्या तारेला डाग द्यायचा तर हात आणि हवा दोन्ही कोरडे हवेत. ते काम दिवाळीनंतर.